वायर जमिनीवर आली तेव्हा : गॅफर टेपचा इतिहास आणि आपली निवड

इतिहास म्हटलं की आपल्या जिल्ह्यात निजामशाही, भुईकोट किल्ला, चांदबीबी, अहिल्यादेवींचं चौंडी हेच विषय आधी डोळ्यांपुढे येतात, आणि ते यायलाच हवेत. आज मात्र आपण बघणार आहोत तो इतिहास आहे एका काळ्या पट्टीचा. स्टेजवर माइकची वायर जमिनीला धरून ठेवणारी, कापडी, न चमकणारी पट्टी. साउंडवाले तिला गॅफर टेप म्हणतात. आपल्यात साउंडचं काम करणारी पोरं बरीच बसली आहेत. त्यांचा प्रश्न सरळ आहे : चांगला आणि परवडणारा टेप कुठला? त्याचं उत्तर द्यायचं तर आधी हे बघावं लागेल की या टेपची गरज आपल्याला मुळात पडली कधी.

संगमनेरचे कवी अनंत फंदी अठराव्या शतकात फडावर उभे राहत होते, तेव्हा वायर नव्हती. ढोलकी, तुणतुणं, डफ आणि मागे झीलकऱ्यांचा चढा सूर. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा तो छातीच्या जोरावर. उजेड मशालीचा आणि पलित्याचा. पुढे गॅसबत्ती आली, तिलाही वायर लागत नव्हती. म्हणजे शेकडो वर्षं आपल्या रंगभूमीला पायात अडकेल असं काही नव्हतंच.

मग कर्णा आला. एक माइक, एक अॅम्प्लिफायर, बॅटरी किंवा वीज, आणि बांबूला नाहीतर लिंबाच्या झाडाला बांधलेले दोन भोंगे. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळात वायर होती, पण ती वरून जायची. बांबूवरून झाडावर, झाडावरून देवळाच्या शिखराकडे. बांधायला सुतळी. एखाद्या ठिकाणी वायर वाट ओलांडत असेल तर चर खणून मातीत दाबायची, वर गोणपाट टाकायचं. ही पद्धत अडाणी मुळीच नव्हती. मातीच्या जमिनीवर आजही तिच्याइतकं चांगलं काही नाही, तो मुद्दा पुढे येईलच.

खरा बदल झाला तो तमाशाच्या मोठ्या फडांत आणि पुढे ऑर्केस्ट्रात. संगमनेर हे कांताबाई सातारकरांचं गाव. त्यांच्यासारख्यांचे फड दसऱ्याला निघायचे आणि वैशाखापर्यंत यात्रा-जत्रा करत फिरायचे. आज एका गावात, उद्या दुसऱ्या. रोज संध्याकाळी ट्रकमधून फळ्या उतरवायच्या, स्टेज उभं करायचं, वायरी टाकायच्या आणि पहाटे सगळं परत गुंडाळायचं. पूर्वी एका माइकभोवती सगळे गोळा होऊन गात. मग गाणाऱ्याला वेगळा माइक, ढोलकीला वेगळा, सोंगाड्याला वेगळा. शूर कंपनीचा एसएम-५८ हा माइक १९६६ साली बाजारात आला आणि हातात धरून गायचा माइक जगभर रुळला. आपल्याकडे पुढे कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर मॉनिटर आले. प्रत्येकाची एक वायर, कुणाकुणाच्या दोन. आणि या सगळ्या वायरी वरून नेता येत नाहीत. त्या जमिनीवर आल्या.

म्हणून आपण असं म्हणू, की टेपचा इतिहास म्हणजे वायर जमिनीवर आल्याचा इतिहास आहे. ज्या फळ्यांवर घुंगरू बांधलेला पाय जोरात पडतो, त्याच फळ्यांवर आता वीज वाहणारी वायरही आहे. पाय अडकला तर बाई तोंडावर पडते, स्टँड कोसळतो, वायर ओढली जाऊन जोड उघडा पडतो. टेपचा विषय किरकोळ वाटतो, पण त्याच्या एका टोकाला कुणाचा तरी गुडघा आहे आणि दुसऱ्या टोकाला २३० व्होल्ट.

आता जरा आपल्या जिल्ह्याबाहेर जाऊ, कारण ही पट्टी जन्मली ती अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इलिनॉय राज्यातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात वेस्टा स्टाउट नावाची बाई काम करत होती. काडतुसांची खोकी कागदी पट्टीने बंद करून वर मेण लावत. उघडायला पट्टीचं एक टोक मोकळं सोडलेलं असे, पण ओढलं की ते फाटून हातात यायचं. ऐन लढाईत सैनिकाने खोकं उघडत बसायचं का? तिची स्वतःची दोन मुलं नौदलात होती. तिने कापडी, पाणी न शिरणारी पट्टी सुचवली आणि वरिष्ठ दाद देईनात म्हणून फेब्रुवारी १९४३ मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिलं. सूचना मान्य झाली आणि जॉन्सन अँड जॉन्सनने ती पट्टी बनवली. हाच डक्ट टेपचा पूर्वज. म्हणजे हा टेप जन्मला तो घट्ट चिकटण्यासाठी आणि पाणी अडवण्यासाठी. निघाल्यावर मागे काय उरतं, याची फिकीर त्यात नव्हती.

ती फिकीर आली सिनेमामुळे. रॉस लोवेल हा छायाचित्रकार लोकांच्या घरात, कचेऱ्यांत चित्रीकरण करायचा आणि दिवे भिंतीला, दाराला चिकटवायचा. दिव्याची उष्णता सोसेल आणि काढताना घरमालकाचा रंग निघणार नाही, अशी पट्टी त्याला हवी होती. १९५९ च्या सुमारास त्याने कापडी पाठीवर योग्य गोंद बसवून ती तयार करवली. चित्रीकरणात दिव्यांच्या प्रमुखाला इंग्रजीत गॅफर म्हणतात, म्हणून तो गॅफर टेप. गॅफर हा मुळात म्हाताऱ्या, जाणत्या माणसासाठीचा शब्द, पुढे टोळीच्या प्रमुखाला लागला. आपल्या पाथर्डी-शेवगावच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम असतो, तसा दिव्यांचा मुकादम. गॅफर टेप म्हणजे मुकादमाची पट्टी.

दोन टेपांमधला हा फरक एकदा ध्यानात आला की निवडीचा अर्धा प्रश्न सुटतो. डक्ट टेपची परीक्षा चिकटताना होते, गॅफरची परीक्षा निघताना होते.

आपल्या साउंडवाल्याच्या पेटीत आज काय काय असतं? एक, पीव्हीसीची काळी इन्सुलेशन पट्टी. पूर्वी कापडाला रबर आणि डांबरासारखा काळा लेप दिलेली पट्टी असे, नंतर ही आली. स्टीलग्रिप हे नाव तर इतकं रुळलं, की कुठल्याही कंपनीची पट्टी असो, वायरमन स्टीलग्रिपच मागतो. ती जोडावर गुंडाळायला बनलेली आहे. जमिनीवर लावली तर ताणली जाते, मग आकसते आणि कडा सुटतात. दोन, खोकी बंद करायची खाकी पट्टी. स्वस्त, पण उभी चिरते आणि फरशीवर फाटून तुकडे राहतात. तीन, चंदेरी डक्ट टेप. मजबूत आहे, पण दिव्यात चमकतो आणि नगरच्या एप्रिल-मे महिन्यात त्याचा गोंद पातळ होऊन फरशीला आणि वायरीला बसतो. चौथा गॅफर. म्हणजे पहिल्या तिघांत वाईट कुणीच नाही, फक्त ते दुसऱ्याच कामासाठी जन्मले आहेत.

मग दुकानात गॅफर ओळखायचा कसा? रिळावर गॅफर छापलं म्हणजे तो गॅफर होत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत घ्या नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पाच गोष्टी बघा.

पहिली, फाडून बघा. नगरला पद्मशाली समाजाच्या हातमागांची परंपरा आहे, तेव्हा उभा-आडवा धागा म्हणजे काय हे इथे सांगावं लागत नाही. चांगल्या टेपचं कापड घट्ट आणि सारखं विणलेलं असतं, त्यामुळे तो हाताने आडवा, सरळ रेषेत फाटतो. तिरका गेला, दोरे लोंबले, की वीण विरळ आहे. दुसरी, पाठ उजेडात धरा. चमकली तर प्रेक्षकाला दिसणार. तिसरी, गोंदाला बोट लावा. पकड जाणवली पाहिजे, पण बोटाला काही लागून येता कामा नये. चौथी, रिळाची कड बघा. गोंद बाहेर आला असेल किंवा कड कोरडी, पिवळी पडली असेल, तर माल जुना आहे किंवा उन्हात पडून होता. पाचवी आणि सगळ्यात महत्त्वाची : एकच रीळ घ्या, घरच्या फरशीवर वीतभर पट्टी लावा, एक दिवस ऊन लागू द्या आणि मग काढा. खाली चिकट डाग राहिला तर दुसरं रीळ घेऊ नका.

आता परवडण्याचं बोलू. आपण रिळाचा भाव विचारतो, मीटरचा विचारत नाही. समजा एक रीळ ३०० रुपयांचं आहे आणि त्यात २० मीटर टेप आहे. दुसरं ९०० रुपयांचं, त्यात ५० मीटर. पहिलं स्वस्त वाटतं, पण ते पडलं मीटरला १५ रुपये आणि दुसरं १८. फरक तीन रुपयांचा. आता स्वस्त टेप मंगल कार्यालयाच्या फरशीला चिकटून बसला, की रात्री एक वाजता दोन पोरं रॉकेलचा बोळा घेऊन घासत बसणार, मालक अनामत कापणार आणि वायरी चिकट होऊन पुढच्या कार्यक्रमाची धूळ ओढणार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तो हा. म्हणून टेपचा भाव एका कार्यक्रमामागे काढायचा आणि त्यात साफसफाई धरायची.

दुसरा उपाय म्हणजे महाग टेप जिथे लागतो तिथेच वापरणे. आपल्या जिल्ह्यात जमिनी तीन प्रकारच्या. पहिली मातीची. गंगागिरी महाराजांचा अखंड हरिनाम सप्ताह श्रावणात भरतो, उघड्या रानात, लाखोंच्या गर्दीत. ओल्या मातीवर जगातला कुठलाच टेप चिकटत नाही. तिथे आजोबांचीच रीत : वायर वरून न्या, नाहीतर चरात पाइप घालून दाबा. दुसरी फळ्यांची किंवा प्लायची, तमाशाच्या स्टेजची. आधी धूळ झाडा, मग टेप लावा, धुळीवर लावलेला टेप धुळीलाच चिकटतो. तिसरी फरशीची. तिथे जिथून माणसं चालतात, तेवढ्या वाटेवर वायरीच्या लांबीने सलग पट्टी लावा. आडवे तुकडे मारून भागवू नका, मधल्या मोकळ्या फटीतच चपलेचं टोक शिरतं. भिंतीकडेच्या वायरीला साधी बंधनं पुरतात. गुंडाळी बांधायला सुतळी आहेच.

आणि एक गोष्ट कानाला खडा लावून ऐका. गॅफर टेप म्हणजे इन्सुलेशन नव्हे. उघड्या जोडावर तो गुंडाळायचा नाही. जोडाला पीव्हीसी पट्टी, त्याहून बरं म्हणजे नीट कनेक्टर, आणि बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी. विजेच्या वायरीचं वेटोळं टेपखाली दाबून ठेवू नका, ते तापतं. काढताना वायर ओढून टेप उखडू नका. टेपचं टोक धरून, जमिनीलगत, सावकाश मागे घ्या. उरलेलं रीळ पिशवीत घालून सावलीत आडवं ठेवा, गाडीच्या टपाखाली नको.

वेस्टा स्टाउटने पत्र लिहिलं ते पुढच्या माणसाचा हात अडू नये म्हणून. रॉस लोवेलने टेप बनवला तो दुसऱ्याच्या भिंतीचा रंग जाऊ नये म्हणून. दोघांनीही विचार केला तो आपल्यानंतर त्या जागी येणाऱ्या माणसाचा. आपण सामान गाडीत भरून निघतो, तेव्हा सकाळी त्याच फरशीवर दुसऱ्या कुणाच्या घरचं लग्न लागायचं असतं. ती फरशी त्यांना कोरी मिळाली, आणि आपल्या कार्यक्रमात कुणाचा पाय अडकला नाही, की टेप चांगला होता असं समजा. प्रश्न असतील तर आता विचारा.