दुधी काच

दुधी काच : जिच्यातून उजेड आत येतो, परंतु पलीकडची व्यक्ती वा वस्तू स्पष्ट दिसत नाही अशी पारभासी काच. स्नानगृहे, शौचकूप, दवाखान्यातील तपासणीच्या खोल्या, कार्यालयातील आडोसे आणि रस्त्यालगतच्या खिडक्या यांना ती बसवितात. दुधासारख्या पांढरट रूपामुळे तिला हे नाव मिळाले. काचेच्या रसातच अपारदर्शक द्रव्ये मिसळून केलेल्या पांढऱ्या काचेलाही व्यवहारात दुधी काच म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मात्र पारदर्शक काचेचा पृष्ठभाग धूसर करून मिळणाऱ्या काचेचा विचार मुख्यत्वे केला आहे.

काचेचा इतिहास सामान्यतः ती अधिकाधिक स्वच्छ, सपाट व मोठी कशी होत गेली या दृष्टीने सांगितला जातो. त्याच्या जोडीने एक उलट इतिहासही घडत आला आहे. खिडकीतून उजेड आला की बाहेरची नजरही आत येते. म्हणून काच जितकी स्वच्छ व स्वस्त झाली, तितकी ती पुन्हा धूसर करण्याची गरज वाढली. हे काम कोणी करावयाचे व त्यातील धोका कोणी पत्करावयाचा, या प्रश्नाचे उत्तर मात्र काळानुसार बदलत गेले.

तत्त्व : गुळगुळीत काचेतून जाणारे प्रकाशकिरण आपला परस्परसंबंध टिकवून बाहेर पडतात, त्यामुळे पलीकडचे दृश्य जसेच्या तसे दिसते. पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खड्डे व उंचवटे असल्यास प्रत्येक किरण वेगळ्या दिशेने वळतो. या प्रकीर्णनामुळे प्रकाशाचा बराचसा भाग आत येतो, पण प्रतिमा विसकटते. काचेचा प्रणमनांक सु. १·५ व हवेचा सु. १ असल्याने हा परिणाम ठळक असतो. घासलेल्या काचेवर पाणी पडल्यास खड्डे पाण्याने भरतात. पाण्याचा प्रणमनांक सु. १·३३ म्हणजे काचेच्या अधिक जवळचा असल्याने तेवढा भाग काहीसा पारदर्शक होतो. पारदर्शक चिकटपट्टी लावल्यासही असेच घडते. म्हणून दुधी काचेची खडबडीत बाजू कोणत्या अंगाला ठेवावयाची, याचा विचार बसविताना करावा लागतो.

प्राचीन काळ : खिडकीला काच बसविण्याची प्रथा इ. स. पहिल्या शतकात रोमन लोकांत सुरू झाली. त्यांच्या काचा ओतीव, जाड व हिरवट असत. इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातील चौकालगतच्या सार्वजनिक स्नानगृहाचे उत्खनन १८२४ मध्ये झाले. तेथे खिडकीला बसविलेली एक मोठी काच आढळली. सर विल्यम गेल या इंग्रज अभ्यासकाच्या वर्णनानुसार ती सु. ८० सेंमी. रुंद, ११० सेंमी. उंच व १ सेंमी. जाड होती. तिची एक बाजू खडबडीत होती आणि छपरावरील लोकांना स्नान करणारे दिसू नयेत म्हणून ती मुद्दाम घासली असावी, असे मत त्याने मांडले. रोमन ओतीव काचेची साच्याला टेकलेली बाजू मुळातच खडबडीत राही, हे लक्षात घेता हा हेतू निश्चितपणे सिद्ध होत नाही. तथापि हेतू असो वा नसो, त्या काचेने काम तेच केले : उजेड येऊ दिला व दृष्टी अडविली.

जेथे काच मिळत नसे किंवा महाग पडे, तेथे इतर पारभासी द्रव्ये वापरीत. युरोपात पातळ घासलेले शिंग, तेलात भिजविलेले कापड वा कागद यांचा उपयोग होत असे. गोव्यात व भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील काही भागांत चपट्या कालवांच्या पातळ शिंपांचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवून खिडक्या करीत. त्यांतून मऊ, मोतिया उजेड येतो, उन्हाची तिरीप सौम्य होते व घरातील माणसे बाहेरून दिसत नाहीत. गोव्यातील काही जुन्या घरांत अशा खिडक्या अद्यापि पाहावयास मिळतात. देशावरील वाड्यांत हीच गरज लाकडी जाळ्या, झडपा व पडदे यांनी भागविली जाई; मात्र त्यांत दृष्टी अडविताना उजेडही बराच अडे.

स्वच्छ काचेचा प्रसार : ब्रिटनमध्ये खिडक्यांवर १६९६ पासून कर होता, काचेवरही अबकारी कर होता. काचेवरील कर १८४५ मध्ये व खिडक्यांवरील कर १८५१ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी लंडनमध्ये उभारलेल्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनवास्तूसाठी सु. तीन लाख तावदाने वापरण्यात आली. मध्यमवर्गीय घरांना मोठ्या काचा परवडू लागल्या. परंतु रस्त्याला लागून असलेल्या घरात दिवा लागताच आतील सारे दृश्य येणाऱ्याजाणाऱ्यांपुढे उघडे पडे. पूर्वी काचेच्या उणिवेमुळे आपोआप लाभणारा आडोसा आता पैसे देऊन मिळवावा लागू लागला.

कारखान्यातील पद्धती : कुरुंदाची पूड व पाणी घेऊन काच घासण्याची पद्धत सर्वांत जुनी, ती संथ व कष्टाची आहे. अम्लाने काच कोरण्याची कला न्यूरेंबर्ग येथील श्वानहार्ट या कारागिराने सु. १६७० मध्ये साध्य केल्याचे मानले जाते. कार्ल व्हिल्हेल्म शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७१ मध्ये हायड्रोफ्ल्युओरिक अम्लाचा अभ्यास केल्यानंतर या प्रक्रियेला शास्त्रीय बैठक मिळाली. काचेच्या ज्या भागावर नक्षी राखावयाची तो मेणासारख्या द्रव्याने झाकून उरलेल्या भागावर अम्लाची वा त्याच्या लवणांची क्रिया होऊ देतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील मद्यगृहांच्या खिडक्यांना अशा नक्षीदार काचा मोठ्या प्रमाणावर बसविल्या गेल्या. मात्र हे अम्ल अत्यंत घातक आहे. ते त्वचेतून खोलवर शिरून शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावते. सौम्य अम्लाच्या बाबतीत वेदना काही तासांनी सुरू होतात व तोपर्यंत इजा झालेली असते.

फिलाडेल्फिया येथील बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी १८७० मध्ये दाबाखाली वाळूचा मारा करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तिच्यामुळे मोठी तावदाने थोड्या वेळात धूसर करता येऊ लागली. पण वाळूचे कण फुटून निर्माण होणारी सिलिकेची सूक्ष्म धूळ कामगाराच्या फुप्फुसात साचून सिलिकोसिस हा असाध्य रोग होतो. ब्रिटनमध्ये १९४९ च्या नियमांनी ओतीव वस्तू साफ करण्याच्या माऱ्यात वाळू वापरण्यास मनाई करण्यात आली. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसचा समावेश अधिसूचनीय रोगांच्या यादीत केला. स्नानगृहातील माणसाला लाभणाऱ्या आडोशाची किंमत अशा रीतीने दूरच्या कर्मशाळेतील कामगार आपल्या आरोग्याने चुकवीत असे.

तप्त काच नक्षीदार रुळांमधून काढून छापाची काच करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. तीत काच घासावी वा कोरावी लागत नाही. भारतात शौचकूप व स्नानगृह यांच्या झरोक्यांना बारीक ठिपक्यांची जी ‘पिनहेड’ काच सर्रास दिसते, ती याच प्रकारची होय.

घरगुती उपाय : तयार दुधी काच घेणे ज्यांना परवडत नसे, त्यांनी घरच्या घरी उपाय योजिले. काचेवर पांढरा रंग पातळ लावून तो ओला असतानाच मलमलीच्या बोळ्याने टिपीत. एप्सम लवणाचा संपृक्त विद्राव बिअरमध्ये करून लावल्यास वाळताना काचेवर दहिवराच्या नक्षीसारखे स्फटिक जमत. पण ओल्या फडक्याने ते पुसले जात. काचेवर चिकटविण्याचे पारभासी नक्षीदार कागदही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय होते. बेलफास्ट येथील मॅकॉ, स्टीव्हन्सन अँड ऑर या मुद्रणसंस्थेचे ‘ग्लेशियर’ कागद विशेष प्रसिद्ध होते.

फवारा-डबी : या घरगुती परंपरेला विसाव्या शतकात नवे साधन मिळाले. नॉर्वेतील एरिक रोटहाइम या अभियंत्याने १९२६ च्या सुमारास दाबाखालील द्रव झडपेतून फवारणारी डबी बनविली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या कृषी खात्यातील लाइल गुडह्यू व विल्यम सलिव्हन यांनी सैनिकांसाठी कीटकनाशकाची फवारा-डबी तयार केली. इलिनॉयमधील सिकॅमोर येथे एडवर्ड सीमोर यांनी १९४९ मध्ये अशा डबीत रंग भरला; ही कल्पना त्यांच्या पत्नी बॉनी यांनी सुचविली होती. रॉबर्ट ॲबप्लानाल्प यांनी सुधारलेल्या झडपेमुळे डब्या स्वस्त व भरवशाच्या झाल्या.

डबीत रंगद्रव आणि दाबाने द्रवरूप केलेला वायू एकत्र असतात. झडप दाबताच मिश्रण नळीतून वर येते. बाहेर पडताच वायू क्षणात उडून जातो व रंगाचे सूक्ष्म थेंब होतात. काच धूसर करण्याच्या फवाऱ्यात ॲक्रिलिकसारखे रेझीन, ते विरघळविणारा विद्रावक आणि सिलिकेसारखी अतिसूक्ष्म पूड असते. विद्रावक उडून गेल्यावर काचेवर खडबडीत पातळ पापुद्रा उरतो व तो प्रकाशाचे प्रकीर्णन करतो. म्हणजे अम्लाने जे काम काच खाऊन होते, तेच येथे काचेवर भर घालून साधले जाते.

काच साबणाने व स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करतात. चौकट कागद व चिकटपट्टी यांनी झाकतात. डबी हलवून काचेपासून सु. २५ ते ३० सेंमी. अंतरावर धरतात व हात सरकता ठेवून पातळ थर देतात. एक थर वाळल्यावरच दुसरा देतात. एकदम जाड थर दिल्यास ओघळ येतात. पाऊस व धूळ लागू नये म्हणून काचेची आतील बाजू निवडतात. नको असेल तेव्हा हा थर धारदार पात्याने खरवडून वा ॲसिटोनने पुसून काढता येतो. अम्लाने वा वाळूने केलेला बदल कायमचा असतो. फवाऱ्याचा तसा नसतो. त्यामुळे घरमालकाच्या काचेला धक्का न लावता भाडेकरूलाही आपल्या खोलीपुरता आडोसा करता येतो, हे या पद्धतीचे सामाजिक महत्त्व होय.

धोके व मर्यादा : फवाऱ्याने आडोसा करण्याचे काम घरात आले, तसा त्याचा धोकाही घरात आला. विद्रावकांची वाफ व हवेत तरंगणारे कण श्वासाबरोबर शरीरात जातात. लहान स्नानगृहात खिडकी बंद ठेवून फवारणे धोक्याचे असते. पूर्वी डब्यांत क्लोरोफ्ल्युओरोकार्बने भरीत. त्यांमुळे वातावरणातील ओझोनचा थर क्षीण होतो, असे मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. १९८७ च्या माँट्रिऑल करारानुसार त्यांचा वापर संपुष्टात आणण्यात आला. त्यांच्या जागी आलेले प्रोपेन, ब्युटेन यांसारखे वायू ज्वालाग्राही असल्याने जवळ शेगडी, देवघरातील दिवा वा पाणी तापविण्याचा बंब पेटता ठेवू नये.

दुधी काचेने मिळणारा आडोसा पूर्ण नसतो. काचेपासून दूर असलेली व्यक्ती अस्पष्ट होते, पण काचेला टेकलेल्या वस्तूची कड व रंग ओळखू येतात. रात्री आतील दिवा व्यक्तीच्या मागे असेल, तर तिची सावली काचेवर उमटते व बाहेरून हालचाल कळते. म्हणून काच धूसर करताना दिव्याची जागाही पाहणे अगत्याचे ठरते. अलीकडे चिकट प्लॅस्टिक पापुद्रे व विजेच्या साहाय्याने हवी तेव्हा धूसर होणाऱ्या काचाही प्रचारात आल्या आहेत. त्यांतही मूळ तत्त्व प्रकाशाच्या प्रकीर्णनाचेच आहे.