झाडाआडून घेतलेली परीक्षा

जुलै महिना उजाडला की शाळाशाळांतून तालुका पातळीवरील स्पर्धांसाठी संघ निवडण्याची लगबग सुरू होते. क्रीडाशिक्षक मुलांना मैदानावर उभे करतात, दोन-तीन दिवस खेळवून पाहतात आणि यादी फळ्यावर लावतात. यादीत नाव नसलेली मुले मुकाट्याने वर्गात परततात. त्यांतली बरीचशी पुन्हा मैदानाकडे फिरकत नाहीत. ही निवड आपण कशाच्या आधारावर करतो आणि ती कितपत बरोबर ठरते? हा प्रश्न वरवर खेळाचा वाटला तरी मुळात तो मापनाचा आहे, आणि मापनाच्या इतर प्रश्नांप्रमाणे त्यालाही इतिहास आहे.

निवडीचा सर्वांत मोठा बाजार अमेरिकेत भरतो. तेथील फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा, फेकण्याचा आणि धडका देण्याचा तो खेळ आहे. तेथे विद्यापीठांचे संघ हेच व्यावसायिक संघांचे रोपवाटिकेसारखे क्षेत्र. १९३५ साली फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचे मालक बर्ट बेल यांनी एक तोड सुचवली. श्रीमंत संघच दरवर्षी चांगले विद्यार्थी पळवतात, तेव्हा सर्वांनी पाळी लावून निवड करावी, आणि आदल्या वर्षी सर्वांत शेवटी आलेल्या संघाने पहिला खेळाडू उचलावा. या पद्धतीला 'ड्राफ्ट' म्हणतात. पहिला ड्राफ्ट फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात झाला. नऊ संघ, नऊ फेऱ्या, एकूण ८१ निवडी. खेळाडूंना प्रत्यक्ष पाहून आलेले पारखी तेव्हा जवळजवळ नव्हतेच. वर्तमानपत्रे आणि मासिके वाचून नावे ठरत. सर्वांत आधी निवडला गेलेला जे बर्वांगर हा शिकागो विद्यापीठाचा गाजलेला खेळाडू होता. पैशांवरून बोलणी फिसकटली आणि तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही.

पुढे या निवडीत पैसा आला आणि पैशामागून मोजमापे आली. मुलांची उंची, वजन, तळहाताची लांबी, उभ्याने मारलेली उडी, चाळीस यार्ड धावण्यास लागणारा वेळ, सारे काही नोंदले जाऊ लागले. १९८२ पासून तर त्यासाठी खास मेळावे भरू लागले. इतके करूनही २००० साली मिशिगन विद्यापीठाच्या टॉम ब्रेडी नावाच्या मुलाला १९९ व्या क्रमांकापर्यंत कोणी हात लावला नाही. चाळीस यार्ड धावायला त्याला ५.२८ सेकंद लागले होते, म्हणजे त्या खेळाच्या मानाने तो संथच. त्या ब्रेडीने पुढे सात वेळा अजिंक्यपद मिळवले. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी अनेक वर्षांचे ड्राफ्ट तपासले. एकाच जागेवर खेळणाऱ्या आणि लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला अधिक चांगला निघण्याची शक्यता त्यांना सुमारे ५२ टक्के आढळली. छापा-काटा केला असता तर ५० टक्के मिळालेच असते! थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते एवढ्याच कामाबद्दल नव्हे.

आता आपल्याकडे येऊ.

रमाकांत आचरेकर यांचा जन्म १९३२ सालचा, मालवणचा. आचरे हे मालवणच्या उत्तरेचे किनाऱ्यावरील गाव, आणि आडनावावरून माणसाचा गाव सांगता येणे ही कोकणची जुनी सोय. आचरेकर मुंबईत स्टेट बँकेत होते. प्रथम दर्जाचा एकच सामना त्यांच्या नावावर आहे. १९६३-६४ च्या हंगामात मोईनुद्दौला चषक स्पर्धेत ते स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध खेळले. पण शिवाजी पार्कवर त्यांनी घडवलेल्या मुलांत बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण अमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर, रमेश पोवार असे कसोटी खेळाडू आहेत. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी ते निवर्तले.

१९८४ च्या उन्हाळ्यात अजित तेंडुलकर आपल्या अकरा वर्षांच्या धाकट्या भावाला घेऊन त्यांच्याकडे आला. सचिनने फलंदाजी करून दाखवली, ती काही जमली नाही. सरांनी मुलगा अजून लहान आहे, नंतर आणा, असे सुचवले. अजितने गळ घातली: सर समोर उभे आहेत म्हणून तो बावरला आहे, तुम्ही निघून गेल्यासारखे करा आणि दुरून पाहा. सर झाडाआड गेले. कोणी पाहत नाही असे वाटताच मुलगा मोकळा झाला, आणि शिबिरात घेतला गेला. ही हकिगत स्वतः तेंडुलकरने अनेकदा सांगितली आहे. सांगणारे ती एका थोर खेळाडूच्या सुदैवाची गोष्ट म्हणून सांगतात. आम्हांला ती मापनाची गोष्ट वाटते.

परीक्षानळीत थोडेसे गरम पाणी घेऊन त्यात थंड तापमापी बुडवा. तापमापी पाण्यातील काही उष्णता स्वतःच शोषून घेते आणि जे तापमान दाखवते ते मुळापेक्षा कमी असते. पाणी जितके थोडे तितकी चूक मोठी. मोजणारे साधनच मोजल्या जाणाऱ्या वस्तूत बदल घडवते. अकरा वर्षांच्या मुलासमोर हाताची घडी घालून उभे राहिलेले सर म्हणजे अशीच तापमापी होय. झाडाआड जाणे हा त्यावरचा उपाय. अजितने तो सुचवला आणि सरांनी तो मानला, यात दोघांचाही मोठेपणा आहे. बहुतेक निवड-चाचण्यांत झाडही नसते आणि थोरला भाऊही नसतो.

पण चूक तेवढीच नसते. समजा सर पहिल्यापासूनच झाडाआड होते आणि मुलगा तरीही पहिल्याच चेंडूवर बाद झाला, तर? एका डावावरून फलंदाज किती कळतो? वर्गात एक प्रयोग करून पाहावा. तीस मुलांना प्रत्येकी पाच वेळा नाणे उडवायला सांगा. कोणा तरी एकाला पाचही वेळा छापा मिळण्याची शक्यता साठ टक्क्यांहून अधिक आहे. त्या मुलाला 'छाप्याचा हुकमी खेळाडू' म्हणून निवडा आणि पुन्हा पाच वेळा नाणे उडवायला लावा. तो इतरांसारखाच निघेल. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली आईबाप आणि मुले यांच्या उंचीच्या अभ्यासात हीच गोष्ट टिपली होती. टोकाच्या नोंदीनंतरची नोंद बहुधा सरासरीच्या जवळ येते. तालुक्याच्या सामन्यात शतक ठोकणारा मुलगा जिल्ह्याला दहा धावांत बाद झाला की आपण म्हणतो, 'त्याला दबाव झेपला नाही.' दबाव असेलही, पण त्याआधी गाल्टन आठवावा.

आचरेकरांची पद्धत येथे लक्षात घेण्याजोगी आहे. जाळ्यातल्या सरावावर त्यांचा भरवसा कमी, सामन्यांवर जास्त. तेंडुलकरने लिहिले आहे की साठ दिवसांच्या उन्हाळी सुट्टीत तो पंचावन्न सराव सामने खेळे. सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. दिवसअखेर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवले जाई. गोलंदाजाने बाद केले तर नाणे त्याचे, नाही तर सचिनचे. याकडे आपण शिस्त म्हणून पाहतो, पण संख्याशास्त्राच्या दृष्टीने ती नमुन्याची संख्या वाढवण्याची युक्ती आहे. एका डावाऐवजी पंचावन्न डाव पाहिले की नशिबाचा भाग एकमेकांत फिटतो आणि उरतो तो खेळाडू. सरांनी हे गणित मांडून केले असेल असे नाही. पण अमेरिकन पारख्याच्या हाती घड्याळ होते तेथे त्यांच्या हाती पंचावन्न सामने होते, आणि आमच्या मते त्यांचे साधन अधिक अचूक होते.

त्यांच्याच सल्ल्यावरून रमेश तेंडुलकरांनी मुलाला वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून काढून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात घातले. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या कांबळीने नाबाद ३४९ आणि तेंडुलकरने नाबाद ३२६ धावा केल्या. भागीदारी ६६४ धावांची झाली. (हा विक्रम २००६ साली हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी मोडला, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.) त्या वेळी पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसला होता अमोल मुझुमदार.

एकच शाळा, एकच गुरू, एकच मैदान, तिघांच्या वयातही फार अंतर नाही. त्या दिवशी एखाद्या पारख्याने क्रम लावला असता तर कांबळी पहिला आला असता, आणि पुराव्याला धरूनच आला असता. कांबळीने १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके काढली, त्याची कसोटी सरासरी ५४ च्या वर राहिली, पण सतरा कसोटी खेळून १९९५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याची कसोटी कारकीर्द संपली. मुझुमदारने रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या, प्रथम दर्जाच्या सामन्यांत अकरा हजारांवर धावा जमवल्या आणि भारताकडून एकदाही खेळला नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता. हे भाकीत १९८८ साली कोणत्या घड्याळाने केले असते?

व्यावसायिक लीग येण्यापूर्वी आपल्याकडे 'निवडला जाणे' म्हणजे नोकरी लागणे. मुंबईच्या बँका, कंपन्या आणि रेल्वे आपापले क्रिकेट आणि कबड्डी संघ बाळगत. कोकणातून आलेल्या कबड्डीपटूला चांगली चढाई करता येणे म्हणजे घरी महिन्याला मनीऑर्डर जाणे होते. आज कबड्डीचा लिलाव दूरदर्शन संचावर पाहणाऱ्या मुलांना हे सांगितले पाहिजे.

पुढे निवडीला यंत्रणा देण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला. मकरंद वायंगणकर यांच्या कल्पनेतून भारतीय क्रिकेट मंडळाने २००२ साली प्रतिभाशोध विभाग काढला. दिलीप वेंगसरकर त्याचे प्रमुख होते. त्यांचा जन्म शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरचा. माजी खेळाडूंनी लहान शहरांत हिंडायचे, सामने पाहायचे आणि लेखी अहवाल पाठवायचा, असे काम होते. २००३ साली बंगालचे माजी कर्णधार प्रकाश पोद्दार यांनी जमशेदपूरला झारखंडच्या एका यष्टिरक्षकाला पाहिले आणि त्याच्या फटक्यांच्या ताकदीविषयी लिहिले. विभागाची वयोमर्यादा त्याने ओलांडलेली होती, तरी वेंगसरकरांनी त्याला सामावून घेतले. तो महेंद्रसिंग धोनी. हा विभाग पुढे बंद पडला. आमच्या मते ती मंडळाची मोठी चूक होती.

खराखुरा ड्राफ्ट आपल्याकडे २००८ साली झाला. आयपीएलच्या पहिल्या वर्षी मोठ्या खेळाडूंचा लिलाव झाला, पण नुकताच विश्वचषक जिंकून आलेल्या एकोणीस वर्षांखालील मुलांची मानधने मर्यादित ठेवून संघांनी पाळीपाळीने निवड केली. पहिली पाळी दिल्लीची होती. फलंदाज पुरेसे होते म्हणून दिल्लीने डावखुरा गोलंदाज प्रदीप सांगवान उचलला. नंतरच्या पाळीत बंगळूरने विराट कोहलीला घेतले, तो दिल्लीचाच मुलगा. खो-खोनेही २०२२ साली आपल्या नव्या लीगसाठी लिलावाऐवजी ड्राफ्टच पत्करला. पुण्यात ज्याचे नियम बांधले गेले त्या खेळाला ही पद्धत मानवली, हे आम्हांला बरे वाटले.

आणखी एक चूक सांगायची राहिली. ती शाळेतच होते आणि डोळ्यांना दिसत नाही. १९८५ साली रॉजर बार्न्स्ली आणि सहकाऱ्यांनी कॅनडाच्या तरुण बर्फ-हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले खेळाडू शेवटच्या तीन महिन्यांतील खेळाडूंपेक्षा कितीतरी जास्त निघाले. कारण साधे होते. वयोगट १ जानेवारीला मोजला जाई. दहा वर्षांच्या गटात जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठा, म्हणून उंच आणि बळकट. प्रशिक्षक त्याच्या वाढीलाच गुण समजून त्याला निवडतो, मग त्याला सराव मिळतो, सामने मिळतात, आणि पाच वर्षांनी तो खरोखरच सरस होतो. निवड स्वतःलाच खरी करून दाखवते. आपल्याकडे त्यात खोट्या जन्मदाखल्यांची भर पडते. त्यावर क्रिकेट मंडळाने डाव्या हाताच्या व मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरवण्याची टॅनर-व्हाइटहाउस पद्धत आणली. पण हाडे फसवणूक पकडतात, अकरा महिन्यांचा फरक भरून काढत नाहीत.

शिक्षकांना हे आपल्या शाळेत तपासता येईल. गेल्या दहा वर्षांतील संघांच्या याद्या आणि हजेरीपटावरील जन्मतारखा कार्यालयात असतातच. वयोगट ज्या तारखेला मोजतात तिच्यापासून तीन-तीन महिन्यांचे चार गट पाडावेत, संघातील मुले मोजावीत, आणि शेजारी संपूर्ण वर्गाची तशीच मोजणी मांडावी. ही दुसरी मोजणी विसरू नये, कारण आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशासाठी अनेकांच्या जन्मतारखा जून महिन्यात लिहिल्या गेल्या आहेत. संघ लहान असेल तर एका शाळेच्या आकड्यांवरून काही ठरणार नाही. तालुक्यातील दहा-बारा शाळांनी आकडे एकत्र करावेत.

मालवण तालुक्यात हे करण्यास वाव आहे. भाताची कापणी झाली की मोकळ्या झालेल्या शेतांत टेनिस चेंडूचे सामने सुरू होतात आणि पावसापर्यंत चालतात. सिंधुदुर्ग जिल्हा क्रिकेटसाठी मुंबईच्या नव्हे, तर पुण्यातील महाराष्ट्र संघटनेच्या कक्षेत येतो. येथून पुण्याला चाचणीसाठी जायचे तर घाट चढून रात्रभर प्रवास, आणि तेथे वाट्याला येतात थोडे चेंडू. आचरे, देवबाग किंवा तारकर्लीच्या मुलाचे पंचावन्न सामने ज्याने पाहिले आहेत असा माणूस त्या जाळ्याजवळ नसतो. तो शाळेत असतो, आणि वही घातली तर त्या सामन्यांची नोंद त्यालाच ठेवता येते. तारीख, चेंडू, धावा, झेल, सुटलेले झेल, मुलाची जन्मतारीख, आणि तो मुलगा कोणी पाहत असताना खेळला की नसताना.