पडत्या भावातलं घर

मार्च २०२१ मधला शनिवार. टीम लीडचा फोन. "अरे, तळेगावात टू बीएचके आहे. मालकाची नोकरी गेलीय, अर्जंट विकायचाय. स्टँप ड्यूटी पण ३१ तारखेपर्यंत कमी आहे. बाजार पडलेला असतानाच घ्यायचं असतं, सगळे धावतात तेव्हा नाही!"

रात्री एक्सेल उघडून बसलो (आपण दुसरं काय करणार!). ईएमआय बसत होता. जेवताना बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आधी त्या माणसाला भेट." बस्स, एवढंच.

त्यांच्या या वाक्यामागे वीसेक वर्षांची गोष्ट आहे.

पिंपरी-चिंचवड हे मुळात पगारावर उभं राहिलेलं गाव. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग बजाज, टेल्को आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी भोसरी-चिंचवडची वर्कशॉप्स. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आलं. शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या आणि प्लॉट ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा साडेबारा टक्के परताव्याचा झगडा पुढे कित्येक वर्षं चालला. त्यावर पुन्हा कधीतरी. असो.

अशा गावात गणित सोपं असतं. शिफ्ट चालू तर हप्ता चालू. नव्वदीच्या मध्यावर मुंबईत जागांचे भाव आभाळाला टेकले आणि मग जे बसले ते २००२-०३ पर्यंत उठलेच नाहीत. त्याच काळात इकडे कारखान्यांची तब्येत बिघडली. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९९७ मध्ये आजारी उद्योग म्हणून बीआयएफआरकडे गेली. लोक स्कूटर सोडून मोटरसायकल घ्यायला लागले. २०००-०१ मध्ये टेल्कोला ५०० कोटींचा तोटा झाला. 'व्हीआरएस' हा शब्द आमच्याकडे बायकापोरांच्याही तोंडी बसला.

२००२ मध्ये बाबांनी निगडीत घर घेतलं ते व्हीआरएस घेतलेल्या एका काकांकडून. काका सोलापूरकडचे, मुलीचं लग्न ठरलेलं, गावी परत निघालेले. भाव आधीच उतरलेला होता, तरी बाबांनी घासाघीस करून आणखी तीस हजार कमी करून घेतले. काका हो म्हणाले. आम्ही राहायला गेलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दाराला आतून त्यांचं शिफ्टचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. आईनं दोनदा काढायला घेतलं, बाबांनी काढू दिलं नाही. अजून आहे.

पुढे भाव वाढले आणि बाबा हुशार ठरले. पण ते वाढले कशामुळे? कारखाने परत धावायला लागले म्हणून नव्हे. गृहकर्जाचं व्याज पंधरा टक्क्यांच्या आसपास होतं, ते काही वर्षांत आठच्या आसपास आलं. २००१ च्या बजेटमध्ये व्याजावरची सूट दीड लाख झाली. आणि हिंजवडीत आमची जमात आली :) सप्टेंबर २००७ मध्ये बजाजनं आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं, तोवर या बाजूला घर घेणारा माणूसच बदललेला होता. काका थांबले असते तर? पण थांबायला पगार लागतो, आणि तोच गेला होता.

चाकणची गोष्ट याच्या उलटी. तिथे कारखाने आले, १९९९ मध्ये बजाज, २००९ मध्ये फोक्सवॅगन. पण कित्येकांनी प्लॉट घेतले ते विमानतळाच्या भरवशावर. २०१६ मध्ये सरकारनं विमानतळ पुरंदरला न्यायचं ठरवलं. प्लॉट तिथेच राहिले.

आणि तळेगाव? जनरल मोटर्सचा प्लांट २००८ मध्ये सुरू झाला, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबलं. तो चीनची ग्रेट वॉल मोटर्स घेणार, असा करार जानेवारी २०२० मध्येच झालेला होता. पण त्याच वर्षी चिनी गुंतवणुकीला सरकारी परवानगीची अट आली, मग गलवान झालं, आणि जून २०२२ मध्ये करार मोडला. म्हणजे मी एक्सेलमध्ये जे 'दोन वर्षांत रिकव्हरी' लिहिलं होतं, ते निव्वळ हवेत होतं.

रविवारी गेलो भेटायला. माणूस चाळिशीचा. बाथरूमची ओल त्यानं स्वतःहून दाखवली. "तुम्ही कुठे?" म्हणाला. सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं. "मग काही काळजी नाही," तो म्हणाला. मला काय बोलावं सुचेना.

त्यानं सांगितलेल्या आकड्यातच घेतलं. मुलीची शाळा संपेपर्यंत, मेअखेरपर्यंत ते तिथेच राहिले. नंतर चौदा महिने फ्लॅट रिकामा, हप्ता मात्र चालू. टीम लीडला हे कळलं तेव्हा म्हणाला, "निगोशिएट पण नाही केलंस? येडा आहेस."

जानेवारी २०२४ मध्ये ह्युंदाईनं प्लांटचा ताबा घेतला. आताचा भाडेकरू एका व्हेंडरकडे लाइनवर आहे. गेल्या महिन्यात भाडं घ्यायला गेलो, तर त्यानंही फ्रिजवर शिफ्टचं वेळापत्रक लावलेलं. बाबांना फोटो पाठवला. त्यांनी पाहिला, उत्तर काही आलं नाही.