आगंतुक जीव (सागरी मत्स्यालय)

सागरी मत्स्यालयात पाळणाऱ्याने हेतुपुरस्सर न सोडता खडक, प्रवाळ किंवा शेवाळ यांच्याबरोबर येऊन पोहोचलेल्या सजीवांना आगंतुक जीव म्हणतात. खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय नव्याने मांडल्यावर काही दिवसांतच खडकाच्या भेगांतून कृमी, खेकडे, गोगलगायी, समुद्रफुले अशा प्राण्यांचे दर्शन होऊ लागते. यांतील बहुतेक जीव निरुपद्रवी किंवा उपकारक असतात. थोडे जीव मात्र मासे आणि प्रवाळ यांचा नाश करतात. म्हणून आगंतुक जीवाची ओळख पटवणे ही पहिली पायरी आणि त्याला काढून टाकणे ही त्यानंतरची पायरी मानली जाते.

आगमनाचा मार्ग

आगंतुक जीवांचा मुख्य वाहक म्हणजे ‘जिवंत खडक’. हा खडक स्वतः सजीव नसतो. मृत प्रवाळांच्या कॅल्शियम कार्बोनेटयुक्त सांगाड्यांचा तो सच्छिद्र तुकडा असून त्याच्या पृष्ठभागावर व पोकळ्यांत जीवाणू, शेवाळ, स्पंज आणि लहान प्राणी राहतात. माशांच्या मलमूत्रातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करण्याचे काम यातील जीवाणू करतात. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास अशा खडकाचा मत्स्यालयात वापर केला. पुढे ‘बर्लिन पद्धत’ या नावाने ही रीत प्रसिद्ध झाली. जी जीवसृष्टी पाणी शुद्ध राखते, तिच्याच सोबतीने आगंतुक जीव येतात. त्यामुळे सर्व जीव एकदम मारून टाकणे म्हणजे ज्या कारणासाठी खडक आणला, ते कारणच नष्ट करणे होय.

उपकारक जीव

ॲम्फिपॉड व कोपेपॉड हे सूक्ष्म कवचधारी प्राणी शेवाळ आणि कुजका कचरा खातात व स्वतः माशांचे अन्न बनतात. ठिसूळ बाहूंचे लहान तारामीनसदृश प्राणी भेगांमधील अन्नकण वेचतात. बहुरोमी वर्गातील काटेरी कृमी दिसायला भीतिदायक असले, तरी बहुतेक जाती उरलेले अन्न व मेलेले प्राणी खाऊन सफाई करतात. मेलेल्या माशावर असे कृमी आढळल्यास त्यांनीच मासा मारला, असा समज होतो. प्रत्यक्षात ते बहुधा मृत्यूनंतर तेथे आलेले असतात. त्यांचे काटे त्वचेत रुतून दाह होतो, म्हणून त्यांना उघड्या हाताने धरू नये.

ट्रॅपिझिया प्रजातीचे छोटे खेकडे पोसिलोपोरा प्रवाळाच्या फांद्यांत राहतात. प्रवाळभक्षक काटेरी तारामीन जवळ आल्यास ते त्याच्यावर हल्ला करून यजमान प्रवाळाचे रक्षण करतात. खेकडा दिसताच तो काढून टाकणे म्हणूनच नेहमी योग्य ठरत नाही.

उपद्रवी जीव

एप्टेशिया हे पारदर्शक तपकिरी समुद्रफूल सर्वाधिक आढळणारे उपद्रवी आगंतुक होय. त्याच्या दंशपेशी शेजारच्या प्रवाळांना इजा करतात. ते चिरडल्यास किंवा खरवडल्यास उरलेल्या बारीक तुकड्यांपासून नवी समुद्रफुले तयार होतात, त्यामुळे एकाची अनेक होतात. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे दाट मिश्रण पिचकारीने त्याच्या मुखात सोडणे किंवा त्याचे नैसर्गिक भक्षक आणणे, हे उपाय केले जातात. लायस्मॅटा प्रजातीच्या काही कोळंब्या आणि बर्घिया ही कवचहीन सागरी गोगलगाय हे असे भक्षक आहेत.

मॅंटिस कोळंबी आपल्या पुढच्या अवयवाने भक्ष्यावर अतिवेगवान प्रहार करते किंवा त्याला भाल्यासारखे भोसकते. रात्री खडकातून टकटक आवाज येणे हे तिच्या अस्तित्वाचे लक्षण मानतात. तथापि पिस्तूल कोळंबीही तसाच आवाज काढते आणि ती सहसा माशांना घातक नसते. केवळ आवाजावरून निष्कर्ष काढू नये.

युनिस वंशातील कृमींच्या डोक्यावर पाच स्पर्शिका असतात. या वंशातील सर्वच जाती घातक नाहीत. पण ‘बॉबिट वर्म’ या नावाने ओळखली जाणारी मोठी जाती मासे पकडते. इंग्लंडमधील न्यूकी येथील सार्वजनिक मत्स्यालयात २००९ मध्ये प्रवाळांची हानी का होते याचा शोध घेताना खडकांची मांडणी उकलावी लागली, तेव्हा एक मीटरहून लांब कृमी सापडला.

हाताळणी

नवा खडक थेट मुख्य टाकीत न ठेवता काही आठवडे वेगळ्या पात्रात ठेवतात. या काळात मेलेले जीव कुजून अमोनिया वाढतो व पुन्हा खाली येतो. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर स्थिरावल्यानंतरच मासे सोडतात. निरीक्षणासाठी रात्री मंद लाल प्रकाश वापरतात, कारण अनेक जीवांना तो फारसा जाणवत नाही. खेकडे व कृमी आमिष लावलेल्या सापळ्यात धरता येतात. एखादा जीव विशिष्ट भोकातच राहत असेल, तर तेवढाच खडक बाहेर काढणे सोपे जाते. गोड्या पाण्यात खडक बुडवल्यास उपद्रवी जीवांबरोबर उपकारक जीवही मरतात आणि नंतर पाणी दूषित होते.

विषबाधेचा धोका

पॅलिथोआ व त्याच्या जवळच्या प्रवाळसदृश प्राण्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. ते पेशींच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियम पंप बिघडवते. असे प्राणी असलेला खडक उकळल्यास किंवा कोरड्या ब्रशने घासल्यास वाफेतून वा तुषारांतून विष श्वासावाटे शरीरात जाऊ शकते. इंग्लंडमधील स्टीव्हन्टन येथे २०१८ मध्ये घरातील मत्स्यालय स्वच्छ करताना एका कुटुंबाला अशी बाधा झाली व त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. खडक कधीही उकळू नये. काम करताना हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा वापरावा.

पर्यावरण व कायदा

काढलेला जीव, खडक किंवा टाकीतील पाणी समुद्रात, खाडीत अथवा नाल्यात सोडू नये. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे मत्स्यालयात वाढवले जाणारे शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोजवळ भूमध्य समुद्रात आढळले आणि पुढे मोठ्या क्षेत्रावर पसरले. २००० मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरही सापडले. तेथून ते नष्ट करण्यास अनेक वर्षे लागली.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये खडकनिर्मिती करणारे प्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रकाकड्या यांना संरक्षण आहे. मालवणसह महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळयुक्त खडक उचलणे हा त्यामुळे गुन्हा ठरतो. कोरडा किंवा कृत्रिम सच्छिद्र खडक आणि त्यावर वाढवलेले जीवाणू हा पर्याय उपलब्ध आहे. अशा खडकावर आगंतुक जीव फारच कमी येतात. मात्र नंतर आणलेल्या प्रवाळांच्या तुकड्यांबरोबर ते येऊ शकतात, म्हणून प्रत्येक नवी वस्तू तपासून घेणे आवश्यक ठरते.