शोधनिबंध : मसुद्यापासून स्वीकृतीपर्यंत

मुंबईहून प्रसिद्ध होणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या साप्ताहिकाच्या २ आणि ९ जानेवारी १९७१ च्या अंकांत ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा दीर्घ निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ हे त्याचे लेखक. दररोज दरडोई २,२५० उष्मांक पुरविणारा आहार ज्या उपभोगखर्चाच्या पातळीवर मिळू शकतो, ती पातळी लेखकांनी दारिद्र्याची सीमा मानली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ही सीमा ग्रामीण भागात वर्षाला दरडोई १८० रुपये आणि शहरी भागात २७० रुपये एवढी ठरली. या मापाने ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक दरिद्री असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला.

या निष्कर्षांवर पुढे अनेक वर्षे वाद झाला. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी उष्मांकांच्या निकषालाच आव्हान दिले. माणसाची अन्नाची गरज स्थिर नसते, एकाच व्यक्तीच्या बाबतीतही ती बदलत राहते, त्यामुळे सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित मानता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. दांडेकरांनी १९८२ मध्ये त्याच साप्ताहिकातून त्याला सविस्तर उत्तर दिले. हा वाद एवढ्या नेमकेपणाने होऊ शकला याचे कारण मूळ निबंधातच होते. व्याख्या, आकडेवारीचा उगम आणि गणिताची रीत या सर्व गोष्टी लेखकांनी वाचकासमोर उघड ठेवल्या होत्या. ज्याच्याशी नेमका मतभेद नोंदवता येतो, तो खरा शोधनिबंध. सामाजिक शास्त्रांच्या नियतकालिकाकडे निबंध पाठवण्याच्या प्रक्रियेतील जवळपास प्रत्येक नियम या एका तत्त्वातून निघालेला आहे.

प्रश्नाची निश्चिती

अनेक निबंध नाकारले जातात ते भाषेमुळे नव्हे, तर त्यांत विषय असतो पण प्रश्न नसतो म्हणून. ‘मराठवाड्यातील ऊसतोड कामगार’ हा विषय झाला. ‘मुकादमाकडून घेतलेल्या उचलीमुळे कामगार कुटुंबांतील मुलांच्या शाळेत खंड पडतो का, आणि पडत असल्यास तो कोणत्या इयत्तांत अधिक पडतो?’ हा प्रश्न झाला. प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे येण्याची शक्यता असावी लागते. तशी शक्यता नसेल तर संशोधनाची गरजच उरत नाही.

पीएच.डी.च्या प्रबंधातून निबंध काढताना ही अडचण विशेष जाणवते. प्रबंधातील एक प्रकरण उचलून पाठवणे म्हणजे निबंध नव्हे. प्रबंध परीक्षकाला आपल्या अभ्यासाचा विस्तार दाखवतो, निबंध अनोळखी वाचकाला एक मुद्दा पटवून देतो. म्हणून प्रबंधातील बरीचशी सामग्री बाजूला ठेवण्याची मनाची तयारी आधी करावी लागते.

नियतकालिकाची निवड

निबंध पूर्ण झाल्यावर नियतकालिक शोधण्याऐवजी, मसुदा आकार घेत असतानाच ते ठरवलेले बरे. प्रत्येक नियतकालिकाचा स्वतःचा वाचकवर्ग आणि स्वतःची चर्चापरंपरा असते. इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटीचे ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’ १९५२ पासून, लुई द्युमाँ आणि डेव्हिड पोकॉक यांनी सुरू केलेले ‘काँट्रिब्यूशन्स टू इंडियन सोशिऑलॉजी’ १९५७ पासून आणि गोखले संस्थेचे ‘अर्थविज्ञान’ १९५९ पासून निघू लागले. एकच क्षेत्रकार्य या तिन्ही ठिकाणी तीन वेगळ्या रीतींनी मांडावे लागेल.

निवडलेल्या नियतकालिकाचे मागील दोन-तीन वर्षांचे अंक चाळावेत. आपल्या प्रश्नावर तेथे पूर्वी काही लिहिले गेले आहे का, संपादक मंडळात त्या विषयाचे जाणकार आहेत का, शब्दमर्यादा किती आहे आणि संदर्भ देण्याची कोणती पद्धत मान्य आहे, या चार गोष्टी तपासल्या तरी पुष्कळ वेळ वाचतो. एक निबंध एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवायचा असतो. दोन ठिकाणी एकाच वेळी पाठवणे हा गंभीर गैरप्रकार मानला जातो आणि तो उघडकीस आल्यास दोन्ही दारे बंद होतात.

निबंधाची बांधणी

गोषवारा साधारणतः दीडशे ते दोनशे शब्दांचा असतो. त्यात प्रश्न, सामग्री, पद्धत आणि निष्कर्ष या चारही गोष्टी याव्यात. ‘या निबंधात अमुक विषयाची चर्चा केली आहे’ असे लिहून निष्कर्ष झाकून ठेवणे ही नवोदितांची नेहमीची चूक आहे.

पूर्वसंशोधनाचा आढावा ही नामावली नव्हे. कोणी काय म्हटले याची यादी देण्यापेक्षा, आजवरच्या चर्चेत कोणती जागा रिकामी राहिली आहे आणि आपला निबंध ती कशी भरून काढतो, हे सांगावे. पद्धतीच्या विभागात गावांची व व्यक्तींची निवड कोणत्या निकषावर केली, मुलाखती कोणत्या भाषेत घेतल्या, त्यांचे भाषांतर कोणी केले, सर्वेक्षणाचा काळ कोणता होता हे स्पष्ट असावे. सुगीच्या दिवसांत केलेले रोजगाराचे सर्वेक्षण आणि उन्हाळ्यात केलेले सर्वेक्षण एकच चित्र दाखवणार नाही. अशा मर्यादा लेखकाने स्वतःच मान्य केल्या तर निबंध दुर्बल होत नाही, उलट त्याची विश्वासार्हता वाढते.

ज्यांच्या आयुष्यावर आपण लिहितो त्यांची संमती घेतली आहे का, नावे बदलल्यानंतरही गाव आणि पद यांवरून व्यक्ती ओळखू येते का, याचाही विचार लिहितानाच करायला हवा. ‘एका गावच्या महिला सरपंच’ एवढ्या वर्णनावरूनही संपूर्ण तालुका त्या बाईंना ओळखू शकतो.

उसनवारी आणि तिची मोजदाद

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी विनियम जारी केले. त्यांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत, ६० टक्क्यांपर्यंत आणि त्याहून अधिक असे तीन स्तर असून त्यांप्रमाणे कारवाई कठोर होत जाते. मात्र साम्य मोजणारी संगणकप्रणाली शब्द मोजते, प्रामाणिकपणा मोजत नाही. दुसऱ्याची कल्पना स्वतःच्या शब्दांत मांडून तिचा उगम न सांगणे हेही चौर्यच आहे. स्वतःचा पूर्वप्रकाशित मजकूर उल्लेखाविना पुन्हा वापरणेही आक्षेपार्ह ठरते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबाबत प्रकाशननीतीचा विचार करणाऱ्या ‘कोप’ या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ मध्ये भूमिका स्पष्ट केली : अशा साधनाला लेखकाचा दर्जा देता येत नाही, त्याचा वापर केला असल्यास तो कसा केला हे सांगावे, आणि मजकुराची संपूर्ण जबाबदारी लेखकाचीच राहते. अशी साधने कधी कधी अस्तित्वातच नसलेले संदर्भ तयार करून देतात. त्यामुळे प्रत्येक संदर्भ मुळातून पाहिल्याशिवाय निबंध पाठवू नये.

सादर करताना

बहुतेक प्रतिष्ठित नियतकालिकांत लेखक आणि परीक्षक यांना परस्परांची नावे कळू दिली जात नाहीत. म्हणून हस्तलिखितातून लेखकाचे नाव, संस्था आणि ऋणनिर्देश काढून ते वेगळ्या पानावर द्यावे लागतात. ‘माझ्या पूर्वीच्या अभ्यासात मी दाखवल्याप्रमाणे’ यासारखी वाक्ये बदलावी लागतात. संगणकावरील फाइलच्या गुणधर्मांतही लेखकाचे नाव राहून जाते, तेही पुसावे.

सोबतचे पत्र अर्ध्या पानाहून मोठे नसावे. निबंधाचा मुख्य दावा, तो या नियतकालिकाच्या वाचकांना का महत्त्वाचा वाटेल आणि निबंध अन्यत्र विचाराधीन नाही याची हमी, एवढे पुरेसे असते. स्वतःच्या पदव्यांची जंत्री संपादकावर प्रभाव पाडत नाही.

परीक्षकांचा अभिप्राय

संपादक प्रथम स्वतः निबंध वाचतात आणि अनेक निबंध याच टप्प्यावर परत जातात. उरलेले निबंध सहसा दोन तज्ज्ञांकडे जातात. हे काम बहुधा विनामूल्य केले जाते, त्यामुळे काही महिने लागणे स्वाभाविक आहे. ठरलेली मुदत उलटून गेल्यावर विनम्र चौकशी करण्यास हरकत नसते.

निर्णय चार प्रकारचे असतात : स्वीकार, किरकोळ दुरुस्त्या, मोठ्या दुरुस्त्या आणि नकार. पहिल्याच फेरीत विनाअट स्वीकार हा अपवाद होय. ‘मोठ्या दुरुस्त्या’ हे पत्र वाचून खचून जाणारे संशोधक पुष्कळ आहेत. वस्तुतः ते निमंत्रण असते. अशा वेळी दोन दिवस पत्र बाजूला ठेवावे. नंतर प्रत्येक आक्षेपाला क्रमांक देऊन त्यापुढे आपण काय बदल केला आणि तो कोणत्या पानावर आहे, हे लिहावे. परीक्षकाचे म्हणणे पटले नसेल तर तसे सकारण सांगण्याचा अधिकार लेखकाला आहे. मात्र परीक्षकाचा गैरसमज झाला असेल, तर आपले वाक्य संदिग्ध होते का हे आधी पाहावे. नकार आला तरी त्यातील सूचना वाया जात नाहीत. त्या विचारात न घेता तोच मसुदा दुसरीकडे धाडला, तर तो त्याच परीक्षकाच्या हाती पडू शकतो.

पैसे घेऊन छापणारी नियतकालिके

बढतीसाठी प्रकाशनांचे गुण मोजले जाऊ लागल्यानंतर चार दिवसांत ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकात निबंध छापून देणारी दुकाने फोफावली. आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. पुढे ‘केअर’ नावाची नवी यादी आली, परंतु फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि नियतकालिकाचा दर्जा पारखण्याची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर सोपवली. तत्पूर्वी, २०२२ च्या विनियमांत पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी निबंध प्रसिद्ध करण्याची देशव्यापी सक्तीही उरली नव्हती.

आता तयार यादीचा आधार नाही. म्हणून परीक्षणाला किती वेळ लागतो, संपादक मंडळातील व्यक्ती खरोखर तेथे काम करतात का, शुल्काची माहिती आधी दिली आहे का, आयएसएसएन क्रमांक खरा आहे का, हे स्वतः तपासावे लागते. हा आठ अंकी क्रमांक केवळ ओळख पटवतो, तो गुणवत्तेचा दाखला नाही. शुल्क घेणारे प्रत्येक नियतकालिक बोगस नसते, पण काही दिवसांत स्वीकाराची हमी देणारे बहुधा असतेच. त्यात होणारे नुकसान केवळ पैशांचे नाही. एकदा तेथे छापलेली सामग्री चांगल्या नियतकालिकाला पुन्हा देता येत नाही, आणि गावोगाव फिरून जमवलेली वर्षांची मेहनत कोणीही न वाचणाऱ्या पानांत गाडली जाते.

मराठीतील लेखन

‘समाज प्रबोधन पत्रिका’, मराठी अर्थशास्त्र परिषदेचे ‘अर्थसंवाद’ यांसारख्या नियतकालिकांनी मराठीतून सामाजिक शास्त्रीय लेखनाची परंपरा घडवली. ज्यांच्याविषयी संशोधन झाले त्यांनाही ते वाचता यावे, यासाठी मराठीतून लिहिणे मोलाचे आहे. मात्र तेच निष्कर्ष दोन भाषांत प्रसिद्ध करायचे असतील तर दोन्ही संपादकांना तशी पूर्वकल्पना देणे आवश्यक ठरते.

दांडेकर-रथ यांच्या निबंधातील दारिद्र्यरेषा आज कोणी जशीच्या तशी वापरत नाही. तरीही तो निबंध वाचला जातो, कारण त्यातील प्रत्येक आकड्याचा माग काढता येतो. निबंध पाठवण्यापूर्वी संशोधकाने स्वतःला एवढेच विचारावे : माझे म्हणणे चुकीचे असेल, तर ते सिद्ध करण्यासाठी लागणारे सर्व काही मी वाचकाच्या हाती दिले आहे का?