निकामी केलेली ली-एनफिल्ड रायफल: संग्रहासाठी घेताना काय बघायचं?

कॉलेजात एनसीसीच्या परेडला आमच्या हातात जी रायफल यायची, तिच्यावर ‘डीपी’ अशी अक्षरं होती. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी. आपण जिला ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतो ती हीच, ब्रिटिशांची ली-एनफिल्ड. पुढे कामासाठी दोन वर्षं बर्मिंगहॅमला होतो. तिथे कळलं की अशा कायमच्या निकामी केलेल्या रायफली लोक घरात जमवतात, तेही कायदेशीरपणे. एक घेताना मी फसता फसता वाचलो, म्हणून हा लेख. यातले नियम फक्त ब्रिटनचे आहेत, भारतात ते चालत नाहीत.

रायफल थोडक्यात

बोल्टची रचना जेम्स पॅरिस ली यांची आणि कारखाना एनफिल्डचा, म्हणून हे नाव. पहिली ली-एनफिल्ड १८९५ ची. पहिल्या महायुद्धात एसएमएलई मार्क ३ गाजली, दुसऱ्यात नंबर ४ आली. बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलून खाली दाबायची, की पुढची गोळी तयार. मॅगझिनमध्ये १० गोळ्या. हीच रायफल बंगालमधल्या ईशापूरलाही बनायची. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर .३०३ ला निरोप दिला तो थेट २०२० च्या प्रजासत्ताक दिनी!

‘निकामी’ कधी म्हणायचं?

नळीत पोलादी दांडा घालून वेल्ड करतात, बोल्टचा पुढचा भाग कापतात, फायरिंग पिन बाद करतात. पण एवढ्याने भागत नाही. १९८८ च्या कायद्यानुसार लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने तपासून शिक्का मारला आणि प्रमाणपत्र दिलं, की ती वस्तू कायद्याच्या दृष्टीने बंदूक राहत नाही. कागद आणि शिक्का नसेल, तर नुसत्या वेल्डिंगच्या भरवशावर राहू नका.

खरी गोम: व्हर्जन कुठलं?

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. निकामी करण्याचं मानक १९९५, २०१० आणि २०१६ मध्ये बदलत गेलं, दर वेळी अधिक कडक झालं. जुन्या मानकाच्या रायफलीचा बोल्ट बहुधा मागेपुढे होतो, त्यामुळे संग्राहकांना ती जास्त आवडते. पण २०१७ च्या कायद्याने जुन्या मानकाची रायफल विकणं किंवा भेट देणं गुन्हा ठरवलं. संग्रहालयांसाठी अपवाद आहे. आधीपासून तुमच्याकडे असेल तर ठेवा, पण दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी बंद!

मला एका मेळ्यात १९१७ ची एसएमएलई दिसली. बोल्ट लोण्यासारखा फिरत होता. विक्रेता म्हणाला, “प्रमाणपत्र आहे ना, मग काय?” प्रमाणपत्र होतं, पण १९९० च्या दशकातलं. मी पैसे दिले असते तर तो व्यवहारच बेकायदा ठरला असता, आणि भारतात परतताना ती मला पुढे विकताही आली नसती. नव्या मानकात बसवायची तर शंभर वर्षांच्या पोलादावर पुन्हा कापाकापी.

घेण्याआधी हे तपासा

• प्रमाणपत्राची तारीख आधी बघा. २०१६ किंवा नंतरच्या मानकाचं हवं.
• प्रमाणपत्रावरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर एकच आहे ना?
• प्रूफ हाउसचा शिक्का धातूवर आहे का?
• एसएमएलईच्या दस्त्याजवळच्या धातूवर उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना आणि साल असतं. ईशापूरच्या जुन्या रायफलीवर ‘जीआरआय’ दिसतं.
• बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का? प्रत्येक बोल्ट त्या त्या रायफलीला बसवलेला असायचा, म्हणून जुळणाऱ्या नंबरांना किंमत जास्त.
• डिसेंबर २०१९ पासून असा व्यवहार गृहखात्याला कळवावा लागतो. विक्रेता हे टाळत असेल तर सरळ निघा.

शेवटचं एक. या कामाला ‘अनडू’ नाही. म्हणून केवळ भिंतीवर लावायला चांगली चालू रायफल कापून घेऊ नका, आधीच नियमाने निकामी झालेली शोधा. मी ती एसएमएलई परत ठेवली. तिचा फोटो मात्र अजून माझ्या फोनमध्ये आहे.