चूल, ओले आणि पोतेरे

धारवाडच्या आमच्या जुन्या घराच्या मागल्या पडवीत अजून एक मातीची चूल आहे. स्वयंपाकघरात गॅस येऊन चाळीस वर्षे होत आली. पण अंघोळीचा हंडा तापवायला आणि घरात चार माणसे जमली की ज्वारीच्या भाकऱ्या भाजायला ती चूल पेटतेच. यंदाच्या पावसाळ्यात तिला उभा तडा गेला. वहिनी म्हणाल्या, "फोडून टाका एकदाची, नवी आणू." आई म्हणाली, "माती भरून घ्या, माझ्या हयातीत पुरेल." बोलावलेला गौंडी दोघींचे ऐकून घेऊन, तंबाखू मळत उभा राहिला.

प्रश्न वाटतो तितका लहान नव्हता. आईला दोन वर्षांपासून दम लागतो आणि धूर सोसत नाही. आणि त्या चुलीला रोज सकाळी पोतेरे घालणारी घरात ती एकटीच उरली आहे. म्हणून मी या निमित्ताने चुलीचा इतिहास थोडा चाळला. डागडुजी करावी की नवी घालावी, हा वाद आमच्या पडवीपुरता नाही. गेली ऐंशीएक वर्षे साऱ्या देशाने तो घातलेला आहे.

पहिला धागा वर्ध्याचा. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. घाणी, चरखा, हातकागद यांच्याबरोबर तिथल्या कार्यकर्त्यांनी चुलीकडेही लक्ष दिले आणि चाळीसच्या दशकात धुराडे असलेली 'मगन चूल' पुढे आली. मग हैदराबादच्या एस. पी. राजू या अभियंत्यांनी बिनधुराच्या चुलीवर काम केले आणि १९५३ साली त्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. त्या काळच्या या मंडळींना बायकांच्या डोळ्यांची आणि छातीची काळजी होती. लाकूड वाचवणे हा विचार जोर धरू लागला तो पुढे सत्तरच्या दशकात, तेल महागले आणि जंगले विरळ झाली तेव्हा.

दुसरा धागा आपल्या कर्नाटकातला. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली प्रा. अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अस्त्र' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र काढले. तुमकूर जिल्ह्यातल्या उंग्र गावाजवळच्या खेड्यांत कोणत्या कामाला किती जळण लागते, याची त्यांनी घरोघर पाहणी केली. त्यातून ऐंशीच्या दशकाच्या आरंभी 'अस्त्र ओले' ही चूल तयार झाली. कानडीत चुलीला 'ओले' म्हणतात, आणि आमच्या धारवाडी बोलीत तिचे 'ओली' होते. लहानपणी शेजारच्या अव्वा "ओली हच्च" म्हणाल्या की आम्ही मराठी पोरे हसायचो. ओली कशी पेटणार!

या ओलेचे तंत्र समजायला सोपे आहे. आपल्या उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहा-पंधरा टक्के भांड्याला मिळते. बाकीची तोंडातून आणि भांड्याच्या कडेने निघून जाते. 'अस्त्र'ने जाळ बंदिस्त केला, लाकडाखाली जाळी घातली म्हणजे हवा खालून येते, एकामागे एक तीन भांडी बसवली आणि शेवटी धुराडे उभे केले. पहिल्या भांड्याने सोडलेली उष्णता पुढची दोन घेतात. मात्र भांडी भोकांत घट्ट बसली पाहिजेत आणि भिंती अभंग पाहिजेत. तड्यातून वारा आत शिरला की धुराड्याची ओढ कमी होते. आत काजळी साचली की तोच धूर उलटा घरात येतो.

१९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ साली केंद्राने तो आवरला तोवर सुमारे साडेतीन कोटी चुली घातल्या गेल्या होत्या. आकडा मोठा खरा, पण तो घातलेल्या चुलींचा. त्यांतल्या पुष्कळ चुली काही वर्षांतच मोडल्या, नाहीतर बाजूला पडल्या. अनुदान नवी चूल घालायला मिळे. तडा बुजवायला, धुराडे झाडायला कोणी येत नसे. शिवाय तुमकूरकडे नाचणीचे मुद्दे शिजवायचे, आपल्याकडे भाकरी. तव्यावरून काढलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी करून फुगवायची असते. बंदिस्त चुलीत ती कुठे टेकवायची? मग बाईच विळा घेऊन चुलीचे तोंड मोठे करते, आणि सारे तंत्र तिथेच फसते.

याची कसून परीक्षा पुढे ओरिसात झाली. एस्थर ड्युफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या खेड्यांत सुधारित चुली मिळालेल्या घरांची काही वर्षे नोंद ठेवली. २०१२ साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पुढे तो फायदा विरला. कारण लोकांनी चुली नेमाने वापरल्या नाहीत आणि दुरुस्तही केल्या नाहीत. याउलट चीनमध्ये १९८२ पासून दहा वर्षांत तेरा कोटींच्या आसपास चुली झाल्या. तिथे खर्चाचा मोठा वाटा घरच्यांनीच उचलला होता.

हे सारे वाचून मला आईचे पोतेरे आठवले. शेणमातीच्या पाण्यात बुडवलेला तो फडका रोज चुलीवरून फिरतो, तेव्हा आपल्याला ते सोवळ्या-ओवळ्याचे काम वाटते. पण बारीक तडा मोठा होण्याआधी बुजवण्याची ती रोजची दुरुस्ती आहे. ती करणारी बाई सरकारच्या कुठल्याच तक्त्यात नव्हती. नव्या विटांच्या आणि सिमेंटच्या चुलीला पोतेरे लागत नाही म्हणून सगळ्यांना बरे वाटले. पण मग तिची निगा कोणाकडे, हे कोणीच ठरवले नाही.

याचा अर्थ जुनी चूल धरून बसावे असा मात्र नाही. कर्क स्मिथ या संशोधकाने गुजरातेतल्या खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या श्वासातला धूर मोजला आणि १९८३ साली ते आकडे प्रसिद्ध केले. तेव्हापासून चुलीच्या धुराकडे जगाचे लक्ष गेले. आठवणींच्या गोडव्यासाठी कोणाची छाती जाळणे बरे नव्हे.

गौंड्याने चूल तपासली ती या क्रमाने. तडा नुसता काठाला आहे की बुडापर्यंत? काठाला असेल तर माती भरावी. बुडापर्यंत गेला असेल तर भरणे व्यर्थ. भांडी बदलली आहेत का? आमच्या चुलीचे तोंड आजीच्या पितळी हंड्यासाठी घडवलेले. आताच्या पातेल्याच्या कडेने निम्मा जाळ बाहेर जातो. आणि माती कुठली? हुबळीकडची काळी माती वाळताना आकसते आणि तडकते. धारवाडच्या पश्चिमेची तांबडी माती वाळू आणि भाताचा कोंडा घालून मळली तर टिकते.

तडा बुडापर्यंत होता. चूल फोडली. पण गौंड्याने ढेकळे टाकू दिली नाहीत. भाजलेली माती पुन्हा भिजवली तरी चिकट होत नाही, मात्र कुटून नव्या मातीत मिसळली की नव्या चुलीला तडे कमी जातात, असे तो म्हणाला. जुन्या चुलीचा चुरा घालून त्याने नवी घातली. तोंड लहान, खाली जाळी, मागे धुराडे, आणि भाकरीसाठी पुढे निखारे ओढायला एक ओटी.

आई आता तिच्यापुढे बसत नाही, लांबून सांगते. दर आठवड्याला धुराडे झाडायचे काम माझ्याकडे आले आहे, आणि पोतेरे पुतण्याकडे. तो अजून नीट पिळत नाही.